तिसऱ्या पिंपाचा वास

दादानं तळघरात कुणी उतरायचं नाही असं बजावून ठेवलं होतं. पण वर ठेवलेल्या चहावर साय धरली, तेव्हा आक्कानं तो पुन्हा गरम केला आणि कुणाला न विचारता जिना उतरायला लागली. दादाची ही बहीण आदल्या दिवशीच शहरातून आली होती. शाळेत मुलांना भूगोल शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, पण वाइनसाठी द्राक्षं तुडवून झाल्यानंतरचे हे दिवस ती सहसा चुकवत नसे. भावंडांतल्या मोठ्या भांडणानंतरची वर्षं तेवढी वाया गेली. त्याबद्दल आता घरात कुणी बोलत नव्हतं.

दाराशी मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवलेली होती. आंबणाऱ्या रसातून निघालेला वायू जमिनीलगत साचून राहतो, म्हणून आधी जळती मेणबत्ती खाली धरून बघायची आणि मगच आत जायचं, हे या घरातलं पोर चालायला लागलं की शिकतं. ज्योत नीट होती. आक्का शेवटची पायरी उतरली, मेणबत्ती तिथंच ठेवली आणि तिचा मोकळा हात आपोआप नाकाकडे गेला.

नासक्या अंड्यांचा वास. थोडाथोडका नाही, डोकं भणभणेल असा.

दादा तिसऱ्या पिंपावर आडव्या टाकलेल्या फळीवर उभा होता. वर तरंगून आलेला सालींचा जाड थर लांब दांड्यानं खाली दाबत होता. प्रत्येक दाबाबरोबर फेस चुबुकचुबुक आवाज करत वर येई. तो मधेच थांबायचा, वाकून पिंपाला कान लावायचा, तळवा टेकवून ऊब बघायचा आणि पुन्हा दाबायला लागायचा.

"टिटवे, तू कशाला आलीस खाली?" त्यानं तिला लहानपणीच्या नावानं हाक मारली.

"चहा प्यायला तुझं बोलावणं लागतं का मला? घे."

तो फळीवरून उतरला. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरत होते, पण चेहऱ्यावर तोडणीच्या दिवसांतलं तेच जुनं समाधान होतं. त्यानं दोन्ही हातांत कप धरला.

"छान चाललंय यंदा," तो म्हणाला. "ऐकलंस? कसं बोलतंय पिंप!"

आक्कानं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. हा तोच माणूस होता, जो लहानपणी डोळे मिटून कुठला घड बागेच्या कुठल्या कोपऱ्यातला ते सांगायचा, आणि वडील पाहुण्यांना बोलावून बोलावून ते दाखवायचे.

"आणि वास?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"दर वर्षी येतो तसाच." तो कपात बघत म्हणाला. "जरा जास्तच चांगला."

"हो," ती म्हणाली. कप रिकामा होईपर्यंत कशीबशी थांबली आणि वर आली.

*

वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि बोलत होती. कुणाशी असं नाही, नुसतीच. ही गोष्ट आक्काला कालपासून खुपत होती. लग्न होऊन आल्यापासून वहिनी म्हणजे कमी बोलणारी बाई. धाकट्या भावाची बायको गमतीनं म्हणायची, जाऊबाईंकडून दोन वाक्यं काढायची तर आधी अर्ज करावा लागतो. आणि काल जेवताना हीच वहिनी सारखी बोलत होती. कांदा आज थोडा जास्तच खरपूस झालाय, बाई. ओली माती कशी घमघमते बघा खिडकीतून. हा साबण बदलायला हवा, फार उग्र आहे.

आक्कानं कप ओट्यावर ठेवला.

"वहिनी, दादाला वास येत नाही."

विळीवरचा हात थांबला. वहिनीनं मागे वळून आधी जिन्याकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं.

"तुम्हाला एका दिवसात कळलं, वन्सं. मला महिना लागला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. एकदा मी बाहेर कपडे वाळत घालत होते. हे इथंच बसले होते, पेपर वाचत. आत आले तर दूध करपून भांडं काळं झालेलं, घरभर धूर, आणि हे पान उलटतायत. मला बघून म्हणाले, काय गं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. भांडं घासायला टाकलं."

"आणि विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते." वहिनी पुन्हा विळीवर बसली, पण चिरेना. "एकदा नाही म्हटलं की त्यांना तेच धरून बसावं लागलं असतं. मग मी आपली बोलत राहिले. काय शिजतंय, काय करपतंय, बाहेर पाऊस येणारसं वाटतंय का. ते ऐकतात आणि मग कुणी आलं की सांगतात, वा, कांदा छान खरपूस झालाय. माझी जीभ दुखायला लागते हो कधीकधी."

आक्काला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं वहिनीशेजारी बसकण मारली.

"तू खाली गेली आहेस का एवढ्यात?"

"नाही जाऊ देत. गुडघ्यांचं कारण सांगतात. माझ्या गुडघ्यांचं! दुखतात त्यांचे."

"तिसरं पिंप बिघडतंय. वाळूपट्टीचं."

वहिनीचा चेहरा उतरला. वाळूपट्टी म्हणजे नदीकाठचा तो जुना तुकडा. आजोबांनी वेली लावल्या त्या तिथल्याच आधीच्या वेलींच्या काड्यांपासून, आणि त्या आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या बागांमध्ये मुळं खाणारा किडा शिरला, तेव्हा लोकांनी वेली उपटल्या आणि परक्या, चिवट मुळांवर कलम केलेली रोपं लावली. दादाच्या घरानंही बाकीच्या जमिनीत तेच केलं. वाळूत मात्र त्या किड्याला बोगदा करता येत नाही, म्हणून तेवढी पट्टी वाचली. पण वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या. दर हिवाळ्यात एखाददुसरी वाळायची, रांगांमध्ये भगदाडं पडली होती. धाकट्याचं म्हणणं, आता पुरे, तिथंही कलमी रोपं लावू. त्याची स्वतःची रोपवाटिका होती आणि रोपं उत्तम असायची. शेवटी ठरलं होतं की यंदाच्या पिंपाची चव बघून काय तो निर्णय घ्यायचा. धाकटा त्यासाठीच आज जेवायला येणार होता.

"चव बघितली की तो म्हणणार, वेली संपल्या," आक्का म्हणाली. "आणि त्यात वेलींची काही चूक नाही."

वहिनीनं विळी बाजूला सारली.

"वन्सं, एक सांगते, रागावू नका. मी भाऊजींना सांगून बसलेय की माझी हरकत नाही. उपटा म्हणून."

"तू?"

"पट्टी गेली की तळघरही हळूहळू बंद होईल. बाकीची द्राक्षं तर विकताच येतात. मग त्यांना कुणासमोर नाक खुपसून काही सांगावं लागणार नाही. कुणाला कळणारही नाही. लोक म्हणतील, वेली गेल्या म्हणून सोडलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वेली गेल्या तर मला वाईट वाटेल. पण हे चारचौघांत खाली मान घालून उभे राहिलेले मला बघवणार नाहीत."

आक्का तिच्याशी भांडायला तोंड उघडणार होती. पण तिनं विळी आपल्याकडे ओढली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली.

*

धाकटा आला तो मनात वाद घालतच आला. गाडीत बायकोनं दोनदा सांगितलं होतं, आज जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यानंही मान डोलावली होती.

त्याचा खरा राग पट्टीवर नव्हताच. वेलींना फुलोरा आला होता तेव्हा तो एकदा दादाला मुद्दाम पट्टीत घेऊन गेला होता. वेलीचं फूल दिसायला काहीच नसतं, हिरवट भुकटीसारखं. पण त्याचा वास असा की माणूस चालता चालता थांबतो. त्या सकाळी तो सगळीकडे भरून राहिला होता. धाकट्याला वाटलं होतं, इथं उभं राहून दोघंच बोलू. आपण म्हणू, दादा, मलाही ही पट्टी उपटताना जड जाणार आहे. तूच काही मार्ग सांग. तो नुसता म्हणाला, "काय सुटलाय ना?" आणि दादा म्हणाला, "चल, उन्हं वाढली." आणि वळून चालायला लागला. जणू शेजारी कुणी नव्हतंच. त्या दिवसापासून धाकट्यानं ठरवलं, की आता भावनेत शिरायचं नाही. रांगा, भगदाडं, उत्पन्न, एवढंच बोलायचं.

जेवताना वहिनी भाजीबद्दल, भाताबद्दल, बाहेरच्या वाऱ्याबद्दल बोलत राहिली. आक्का अन्न चिवडत होती. दादा मात्र खुशीत होता. त्यानं धाकट्याच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं आणि म्हणाला, "खा रे, वाळलास. रोपांना पाणी घालतोस, स्वतःला घालत नाहीस."

"मीही तेच म्हणते," धाकट्याची बायको, धाकटी, म्हणाली. "पण मी कलमी पडले ना, माझं कोण ऐकतं!"

सगळे हसले. दादा सर्वांत मोठ्यानं. त्या हसण्यानं धाकटा थोडा विरघळला आणि म्हणूनच घाईघाईनं म्हणाला, "चल दादा, बघून घेऊ एकदाचं."

आक्का चटकन उठली. "आत्ता नको. ढवळलंय नुकतंच. उद्या बघा."

"उद्या मला वेळ नाही, आक्का."

"मग परवा."

"तुझं काय मधेच?"

"काही नाही माझं," ती म्हणाली, आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनी ताटं गोळा करत होती.

ते सगळेच खाली निघाले. धाकटी सर्वांत पुढे, कारण तिला दम निघत नव्हता. मेणबत्ती धरून तिनं दोन पायऱ्या उरल्या असतानाच ओरडून म्हटलं, "अगं बाई! अंडी नासलीत का कुठं?"

धाकटा तिच्या शेजारून पुढे गेला. पहिल्या दोन पिंपांशी थांबला, मग तिसऱ्याशी. खालच्या तोटीतून त्यानं पेल्यात थोडी धार घेतली, नाकाशी नेली आणि हात लांब केला.

आपण जिंकलो असं त्याला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याला आजोबांच्या वेली आठवल्या, मनगटासारख्या जाड, सोललेल्या सालींच्या.

"दादा, संपल्या रे वेली," तो हळूच म्हणाला. "बघ ना काय झालंय हे."

*

दादानं एकेकाचा चेहरा पाहिला. धाकटीनं पदर नाकाला लावला होता. टिटवी खाली बघत होती. म्हणजे सकाळी तिनं हो म्हटलं ते आपल्यासाठी. आणि धाकटा, ज्याच्याशी भांडायची त्यानं आठवडाभर मनात तयारी केली होती, तो तर रडवेला झाला होता.

तेवढ्यात जिन्यावरून दादाची बायको बोलली. पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं.

"अहो भाऊजी, ते पिंपाचं नाही. माझंच चुकलं. काल मी अंड्यांची टरफलं त्या कोपऱ्यात ठेवली होती, बागेत टाकायची म्हणून. तीच नासली. मी आत्ता काढते. हे मला कालपासून ओरडताहेत."

ती खरंच कोपऱ्याकडे निघाली. तिथं काही नव्हतं. एक पालथं टोपलं होतं. ती ते उचलून, काहीतरी शोधत असल्यासारखी वाकली. गेल्या कित्येक महिन्यांत या बाईनं इतकं बोलून ठेवलं होतं, आणि तो ते सगळं मुकाट्यानं घेत आला होता, जसं काही ती सहजच बोलते आहे. पण खोटं ती आजवर बोलली नव्हती. तिला ते जमतही नव्हतं. मान लाल झाली होती.

"अगं, राहू दे," तो म्हणाला. "तिथं काही नाहीये."

"आहे हो, थांबा जरा..."

"नाहीये." तो तिच्याजवळ गेला, तिच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. मग भावाकडे वळला. "मला वास येत नाही. उन्हाळ्यापासून. काहीच येत नाही. इथं वाकलं की नाकात झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, पण वास म्हणून काही नाही. मी ऐकून आणि हात लावून चालवत होतो. वाटलं, जमेल. वाटलं, येईल परत."

धाकटीनं पदर खाली घेतला.

"फुलोऱ्याच्या वेळी..." धाकटा म्हणाला. "मी तुला घेऊन गेलो होतो तेव्हा..."

"तू म्हणालास, काय सुटलाय. मी जिवाच्या आकांतानं श्वास घेतला रे. मोकळी हवा आत गेली नुसती. तुझ्यासमोर रडू येईल म्हणून निघालो."

"आणि मी तुझ्यावर डूख धरून बसलो!" धाकटा म्हणाला. तो पुढे आला, काय करावं न कळून त्यानं दादाचा शर्ट दंडाशी धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, आणि धरूनच ठेवला. "सांगायचं नाही होय? मी काय परका आहे?"

"तुलाच सांगायची लाज वाटत होती. वडिलांनी तळघर माझ्याकडे दिलं ते नाकासाठी. नाक गेलं, मग मी इथं कोण?"

"तू दादा," आक्का म्हणाली. "एवढं पुरे नाही का? डॉक्टरकडे मी नेते तुला. येईल परत किंवा नाही येणार. पण आता या पिंपाचं काय, ते सांग. तिसरं पिंप. नासक्या अंड्यांचा वास. भरपूर."

दादानं डोळे बारीक केले. त्या एका वाक्यानं त्याच्यात काहीतरी सरळ झालं.

"नुसताच अंड्यांचा? की शिरक्यासारखा आंबटपणाही आहे त्यात?"

आक्कानं पेला घेऊन हुंगला. "नाही. आंबट नाही."

"नीट बघ. नखं रंगवायच्या पॉलिशसारखा उग्र?"

"नाही रे. अंडीच."

"मग मेलेलं नाही ते!" दादा म्हणाला. "घुसमटलंय. थर दाबला मी, पण रस बाहेर काढून हवेत खेळवला नाही. वास आला असता तर पहिल्याच दिवशी हवा दिली असती. वेलींना काही झालेलं नाही. धाकट्या, वरचं तांब्याचं मोठं घंगाळ आण. खालून धार काढायची, उंचावरून घंगाळात पाडायची, आणि परत वर ओतायची. तांबं हा वास खातं."

मग कुणाला बसायला फुरसत मिळाली नाही. धाकट्यानं घंगाळ तोटीखाली लावलं, धाकटी बादल्या भरभरून फळीवर देत गेली, आक्का ओतत गेली. गडद जांभळी धार तांब्यावर आपटून फेसाळायची आणि सगळ्यांच्या अंगावर शिंतोडे उडायचे. दादा मधे उभा राहून विचारायचा, "आता?" आणि हे तिघं एकदम वेगवेगळं सांगायचे.

"अंडीच," आक्का.

"अंडी, पण उकडलेली," धाकटी.

"काडेपेटीची काडी विझवल्यासारखा," धाकटा.

"कमी होतोय! काडीवर आलं म्हणजे जातोय. पाड, अजून पाड."

ते पुन्हा पुन्हा खाली-वर करत राहिले. शेवटी धाकटा पेला नाकाशी धरून बराच वेळ उभा राहिला. "गेला," तो म्हणाला. मग, जरा थांबून, "दादा, खालून दुसरंच काहीतरी येतंय रे."

"काय?"

धाकट्यानं पेलाच दादापुढे केला. दादानं घोट घेतला, जिभेवर घोळवला, हिरड्यांवर फिरवला. गोडवा संपत आला होता. सालींचा तुरटपणा धरला होता, पण ओरबाडत नव्हता. एवढं त्याची जीभ अजून सांगू शकत होती.

"अजून दोनेक दिवस सालींवर राहू दे," तो म्हणाला. "मग पिळू. तू ये. रोज येऊन हुंगून सांग मला. आणि पट्टीचं काय ते तू ठरव. मी आड येणार नाही."

"ठरवण्यासारखं काय आहे आता?" धाकटा म्हणाला आणि बाही तोंडावर फिरवली. ती जांभळी होती, तोंडही जांभळं झालं. धाकटी खो खो हसत सुटली.

वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. दादा तिच्याशेजारी टेकला. त्याचे गुडघे कडकड वाजले.

"दमलीस," तो म्हणाला.

त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ दोघंही, तिच्या जुन्या पद्धतीनं, गप्प बसून राहिले.

*

डॉक्टरनं काही नक्की सांगितलं नाही. वाट बघा, म्हणाला. त्या वर्षीची वाइन पट्टीची सर्वांत चांगली झाली नाही. थोडी खरखरीतच राहिली. पण ती पट्टीची होती, हे चाखणाऱ्या प्रत्येकानं ओळखलं.

पानं गळाल्यावर दोघे भाऊ कुदळी घेऊन नदीकाठी गेले. धाकट्यानं तिथल्यासाठी राखलेली कलमी रोपं स्वतःच्या शेतात लावून टाकली होती. इथली भगदाडं भरायची ती इथल्याच वेलींनी. शेजारच्या जित्या वेलीची एक लांब काडी निवडायची, न तोडता वाकवायची, मधला भाग वाळूत पुरायचा आणि शेंडा मोकळ्या जागी बाहेर काढायचा. पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. तोपर्यंत जुनी वेल तिला पोसते.

धाकट्यानं काडी वाकवली. ती कुरकुरली, पण मोडली नाही. दादानं गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू लोटली, थापटली आणि वर पाय देऊन घट्ट केली. शेंडा भगदाडाच्या मधोमध उभा राहिला, बोटाएवढा.

"लागेल ना रे दादा?"

"लागेल. नाही लागली तर पुढच्या हिवाळ्यात दुसरी वाकवू," दादा म्हणाला, आणि कुदळ उचलून रांगेतल्या पुढच्या मोकळ्या जागेकडे चालायला लागला.